टार्गेट शूटिंगसाठी पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? खेळ, कायदा आणि खिसा काय सांगतो

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला नेमबाजीत तीन कांस्यपदकं मिळाली. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये एक आणि सरबज्योत सिंगच्या जोडीने मिश्र सांघिक प्रकारात दुसरं पदक घेतलं. तिसरं पदक कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये मिळवलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं होतं. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं.

अशा पदकांनंतर नेहमीचं चित्र दिसतं. शूटिंग रेंजवर नाव नोंदवायला पालकांची गर्दी होते आणि हमखास एक प्रश्न येतो, "सुरुवातीला कुठलं घेऊ?" या प्रश्नात बऱ्याचदा 'रिव्हॉल्व्हर' हा शब्दही असतो, कारण सिनेमा, वेब सिरीज आणि गावातल्या पुढाऱ्याच्या कमरेमुळे आपल्या डोळ्यासमोर बंदूक म्हणून तेच उभं राहतं.

याच महाराष्ट्रात बंदुकीची दुसरी बाजूही आपण पाहिली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक लोकांकडे शस्त्रपरवाने असल्याची चर्चा राज्यभर पेटली. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने शंभरहून अधिक परवाने रद्द केले.

म्हणजे एका बाजूला खेळ आणि दुसऱ्या बाजूला दहशत. या दोन्हींच्या मध्ये कायदा उभा आहे. त्यामुळे पहिलं रिव्हॉल्व्हर कुठलं, या प्रश्नाआधी ते घ्यावं का, हे विचारायला हवं. एकेक मुद्दा पाहू.

नेमबाजीच्या खेळात रिव्हॉल्व्हर बसतं कुठे?

ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे मुख्य प्रकार तीन. १० मीटर एअर पिस्तूल पुरुष आणि महिला दोघांसाठी असतं, २५ मीटर पिस्तूल महिलांसाठी आणि २५ मीटर रॅपिड फायर पुरुषांसाठी. एअर पिस्तुलात बारूद नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. २५ मीटरच्या दोन्ही प्रकारांत .२२ बोअरची काडतुसं वापरतात आणि हातात असतं ते सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल.

रॅपिड फायरचं वेळापत्रक पाहिलं की रिव्हॉल्व्हर इथे का दिसत नाही ते कळतं. पाच निशाण्यांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६ सेकंदांत आणि शेवटी फक्त ४ सेकंदांत मारायच्या असतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीसाठी काडतुसांचं चक्र फिरवायचं आणि घोडा मागे ओढायचं काम नेमबाजाच्या बोटांनाच करावं लागतं. एक तर चाप जोर लावून शेवटपर्यंत ओढा, नाहीतर अंगठ्याने घोडा मागे घ्या. ४ सेकंदांत पाच वेळा हे करून नेम टिकवणं जवळपास अशक्य.

रिव्हॉल्व्हरला जागा होती आणि नियमांनुसार आजही आहे ती २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक पातळीवर खेळला गेला आहे. मनू भाकरचे प्रशिक्षक जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं होतं. २००६ मध्ये दोह्यात त्यांनी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तीही याच प्रकारात.

सेंटर फायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर चालतं. स्पर्धेच्या वेगवान टप्प्यात निशाणा ३ सेकंद समोर येतो आणि ७ सेकंद गायब होतो. प्रत्येक वेळी एकच गोळी मारायची असते, त्यामुळे त्या ७ सेकंदांत घोडा मागे ओढून पुन्हा तयार होता येतं. म्हणून जुन्या काळात अनेक नेमबाज इथे लांब नळीची, जड रिव्हॉल्व्हर वापरत. पुढे सेमी-ऑटोमॅटिक स्पर्धा-पिस्तुलं इतकी सरस झाली की तिथूनही रिव्हॉल्व्हर मागे पडलं.

थोडक्यात, स्पर्धा हे ध्येय असेल तर रिव्हॉल्व्हर ही सुरुवातीची पायरी नाही.

पण आपल्याकडे मिळणारं .३२ रिव्हॉल्व्हर का चालणार नाही?

भारतात सामान्य परवानाधारकाच्या हातात दिसणारं रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळा .३२ बोअरचं असतं. सैन्य आणि पोलिसांच्या वापरातले ९ मिलिमीटरसारखे बोअर नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत, म्हणून .३२.

गंमत अशी की .३२ बोअर कागदावर सेंटर फायरच्या मर्यादेत बसतो. युरोपातली कित्येक उत्तम सेंटर फायर पिस्तुलं याच घराण्यातलं .३२ काडतूस वापरतात, कारण त्याचा धक्का कमी असतो. म्हणजे बोअरमध्ये खोट नाही. अडचण त्या शस्त्राच्या बांधणीत आहे.

दोन उदाहरणं घेऊ. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वजन साधारण ५०० ग्रॅम आणि तेव्हाची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने 'प्रबल' आणलं. त्याचं वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटरची आणि पल्ला ५० मीटर सांगितला गेला.

"५० मीटर पल्ला आहे, मग २५ मीटरवर तर आरामात लागेल की!" असं वाटणं साहजिक आहे. पण गोळी तिथवर पोचणं आणि हव्या त्या ठिकाणी लागणं यात मोठा फरक आहे.

नेम धरताना नळीच्या टोकाची साइट आणि मागची साइट एका रेषेत आणावी लागते. या दोन साइट्समधलं अंतर जितकं जास्त, तितकी हाताची चूक कमी महागात पडते. हिशोब सोपा आहे. साइट्समध्ये ११० मिलिमीटर अंतर असेल आणि त्या एकमेकींपासून अर्धा मिलिमीटर सरकल्या, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. अंतर २२० मिलिमीटर असेल, म्हणजे नियमांनी दिलेल्या कमाल मर्यादेएवढं, तर तीच चूक ५७ मिलिमीटरवर येते. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ बाहेरच्या बाजूने २५ मिलिमीटरने वाढतं. म्हणजे एकाच चुकीला लांब साइटवर ८ गुण मिळतात आणि आखूड साइटवर ६. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत हा फरक किती होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

वजनाचंही तसंच. स्वसंरक्षणाचं शस्त्र हलकं हवं, कारण ते जवळ बाळगायचं असतं. खेळाचं शस्त्र जरा जड हवं, कारण वजनामुळे हात स्थिर राहतो आणि धक्का शोषला जातो. २५ मीटर पिस्तुलाला नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत वजन आणि १५३ मिलिमीटरपर्यंत नळी चालते. 'प्रबल'ची नळी त्याच्या निम्मी आणि 'निर्भीक'चं वजन जेमतेम तिसरा हिस्सा. ही शस्त्रं वाईट आहेत असं नाही, ती वेगळ्या कामासाठी बनली आहेत. मालवाहू टेम्पो चांगला असला तरी त्यावर कुणी रेसिंग शिकत नाही.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्याचे सध्याचे नियम २०१६ चे आणि शेवटचा मोठा बदल २०१९ चा. नव्या नेमबाजाला यातल्या चार गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, वय. २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर बंदूक घेता येत नाही. पण त्याखालच्या मुलामुलींना नियमांच्या चौकटीत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. आपल्याकडचे बहुतेक मोठे नेमबाज विशीच्या आतच घडलेले आहेत.

दुसरी, कारण. रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल हवी असेल, तर त्याचा कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल त्या यादीत नाही. तिथे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला 'सबळ कारण' पटवून द्यावं लागतं. हा अधिकारी म्हणजे जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. त्याआधी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. "मला शिकायचंय" एवढं कारण इथे सहसा पुरत नाही. क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांमधला सहभाग आणि गुणांची नोंद असेल तर अर्जाला वजन येतं.

तिसरी, संख्या आणि मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. नावाजलेल्या नेमबाजांना जास्त शस्त्रं आणि काडतुसं ठेवण्याची वेगळी सवलत आहे, पण ती कामगिरी दाखवल्यावर मिळते. परदेशातून शस्त्र आयात करण्याचंही तसंच. सामान्य परवानाधारकासाठी ते दार १९८० च्या दशकापासून बंद आहे आणि नामवंत नेमबाजांसाठी नियमांच्या अटींवर उघडं आहे. म्हणूनच इंटरनेटवर अमेरिकी व्हिडिओ पाहून "हे मॉडेल घेऊ" असं ठरवण्यात आपल्याकडे फारसा अर्थ नसतो.

चौथी गोष्ट नवशिक्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरचं एअर पिस्तूल, ज्याच्या छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत आहे, त्याला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेतली एअर पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच खाली असतात. विकत घेताना ओळखीचा पुरावा द्यावा लागतो आणि पावती जपून ठेवावी लागते. परवाना नाही म्हणून ते खेळणं होत नाही. त्याचा छर्रा डोळा फोडू शकतो, पक्ष्याचा जीव घेऊ शकतो.

हेही सांगायला हवं की लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे. इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खेळाचं कारण सांगून घेतलेलं शस्त्र वरातीत दिसलं तर 'मी नेमबाज आहे' हे उत्तर कामी येत नाही.

मग पहिलं पिस्तूल कसं निवडायचं?

उत्तर ऐकून अनेकांची निराशा होते, पण पहिले काही महिने काहीच विकत घेऊ नका. क्लबचं पिस्तूल वापरा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुलाची. नेमबाज गगन नारंगने २०११ मध्ये सुरू केलेली 'गन फॉर ग्लोरी' अकादमीही पुण्याचीच. तुमच्या जिल्ह्यात काय सोय आहे, ते राज्य संघटनेकडून किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयातून कळू शकतं.

या महिन्यांत तीन गोष्टी समजतात. रोज एक हात खांद्याच्या उंचीवर धरून उभं राहायचा कंटाळा येतो की नाही? पिस्तूल आवडतं की रायफल? आणि हाताची ठेवण कशी आहे? शेवटचा मुद्दा पैशाशी जोडलेला आहे, कारण स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाची लागते. छोट्या हाताला मोठी मूठ आली की बोट चापावर नीट बसत नाही आणि नेम प्रत्येक वेळी एकाच बाजूला ओढला जातो. डावखुऱ्यांची मूठ तर वेगळीच असते.

खरेदीची वेळ आली की हे तपासा.

• मूठ: माप बदलता येतं का? हात ठेवल्यावर मनगट न वळवता साइट्स आपोआप रेषेत येतात का?

• चाप: एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलाच्या चापाला किमान १००० ग्रॅम वजन पेलता आलं पाहिजे. स्पर्धेआधी ते तपासलं जातं. चापाची जागा पुढेमागे करता येते का, हेही पाहा.

• साइट: मागची साइट वर-खाली आणि डावी-उजवी फिरवता येते का? न फिरणारी साइट खेळासाठी उपयोगाची नाही.

• वजन: एअर पिस्तुलाला १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, म्हणून तेवढं जड घ्यायचं असं नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हलकं मॉडेल किंवा आखूड सिलिंडर बरा पडतो. नाहीतर खांदा दुखतो आणि मुलाचा खेळातला रसही जातो.

• दुरुस्ती: भारतात सुटे भाग आणि दुरुस्त करणारा माणूस मिळतो का? टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ मध्ये, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला. मोलाची मिनिटं गेली आणि ती अंतिम फेरीत पोचली नाही. तिच्याबाबतीत हे होऊ शकतं तर कुणाबाबतीतही होऊ शकतं.

एअर पिस्तुलात मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावं रेंजवर सारखी कानावर पडतील. यातलं कुठलंही वाईट नाही. तुमच्या हाताला कुठलं बसतं आणि तुमच्या रेंजवर कुठल्याचा जाणकार आहे, यावर निवड करा.

जुनं घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी पाहा. या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते. ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो भरणं धोक्याचंही आहे. सिलिंडर बदलायचा खर्च धरला की 'स्वस्तात मिळालं' वाटणारं पिस्तूल महाग पडू शकतं. ते आयातीच्या सवलतीत आणलेलं असेल तर विक्रीच्या अटी विचारा आणि मूळ कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पैशाचं गणित

स्पर्धेच्या दर्जाचं परदेशी एअर पिस्तूल नवीन घेतलं तर लाखाच्या वरच जातं. पण त्यानंतरचा रोजचा खर्च आटोक्यात असतो. छर्ऱ्यांचा ५०० चा डबा येतो आणि घरी सुरक्षित जागा असेल तर दहा मीटरचा सराव करता येतो. शिवाय प्रशिक्षक बराचसा सराव गोळी न मारताच करून घेतात. नुसतं उभं राहायचं, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. याला छर्राही लागत नाही.

.२२ किंवा .३२ कडे वळलात की खर्च शस्त्रावर थांबत नाही. काडतुसं महाग असतात आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच घेता येतात. एका स्पर्धेत ६० गोळ्या लागतात, सरावाच्या एका दिवसात तेवढ्याच. स्वसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसं अशा सरावाला काही दिवसांतच संपतील. म्हणजे रिव्हॉल्व्हर कपाटात राहील आणि सराव होणारच नाही. घरात बंदूक मात्र असेल, तिची जोखीमही असेल.

प्रश्न फक्त खरेदीचा नाही

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची महत्त्वाची पायरी आहे. त्याच वाटेवरून चालत कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दिल्या. तेजस्विनी २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राहीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं आणि असं करणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली.

स्वप्निल कुसाळेचं उदाहरण तर पालकांनी नीट पाहावं. २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे गेल्यावर त्याने नेमबाजी निवडली. त्याच्या वाटेची सुरुवात घरातल्या बंदुकीपासून नाही, तर प्रबोधिनीच्या दारातून झाली.

म्हणून सरकारला विचारायचा प्रश्न असा आहे की किती तालुक्यांत मुलांना दहा मीटरची रेंज, दोन-चार चांगली सार्वजनिक पिस्तुलं आणि एक प्रशिक्षक मिळतो? दहा मीटरची रेंज शाळेच्या मोठ्या हॉलमध्येही बसते. ती सोय नसली की खेळ लाखभर रुपये असणाऱ्यांपुरता उरतो. मग ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे तो 'खेळासाठी' म्हणून परवान्याचा अर्ज करतो आणि ज्याच्याकडे नजर आणि स्थिर हात आहे तो बाहेरच राहतो. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही मग खरा नेमबाज आणि मिरवणारा यांत फरक करणं अवघड जातं. रेंजवरच्या नोंदी, स्पर्धेतले गुण, प्रशिक्षकाचा शेरा हे सगळं असेल तर तो फरक कागदावर दिसतो. खेळाची सोय वाढली तर परवान्यांची शिस्तही वाढेल.

तोपर्यंत तुमच्यापुरतं उत्तर असं आहे. आधी क्लब, मग क्लबचं एअर पिस्तूल, सहा-आठ महिन्यांनी आवड टिकली तर स्वतःचं एअर पिस्तूल. गुण वाढले आणि प्रशिक्षकाने सांगितलं तर .२२ चा विचार. रिव्हॉल्व्हर या यादीत आलंच तर खूप नंतर येतं आणि तेव्हा कुठलं घ्यावं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.